पटकथेसाठी स्थळ

शरदचंद्र पागनीसांचं एक ठाम मत होतं. जगात जे काही जुळतं ते स्थळासारखंच जुळतं, आणि जे जुळत नाही त्याची चौकशी नीट झालेली नसते. भाडेकरू ठेवायचा असो, जुनी स्कूटर विकायची असो की गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी डॉक्टर ठरवायचा असो, ते आधी घराणं विचारत. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर बडा गणपतीजवळच्या घरात, पुढच्या खोलीत, त्यांनी वधू-वर मंडळ उघडलं. इंदूरच्या मराठी मंडळींना त्याचं नवल वाटलं नाही. उलट हा माणूस इतकी वर्षं मीटरच्या नादात वाया गेला, असंच सगळे म्हणाले.

माणूस वाईट मुळीच नव्हता. हसतमुख, अगत्यशील, आवाज म्हणून कधी चढायचा नाही. मुलीकडच्यांचा एक नारळ आणि मुलाकडच्यांचं लग्नाचं आमंत्रण, एवढीच त्यांची दक्षिणा. पण त्यांच्यापुढे नाही म्हणणं महाकठीण. समोरच्यानं नाही म्हणायला तोंड उघडलं की हे त्यात पेढा घालत, आणि पेढा गिळून होईपर्यंत तारीख ठरलेली असे.

धाकटा भाऊ संजीव आणि त्याची बायको लवकर गेले. त्यांची मुलगी आर्या शरदचंद्र आणि सरलाबाईंच्याच घरी वाढली. तिचं लग्नही अर्थात काकांनीच जमवलं. मुलगा सुशांत, हॉलंडमध्ये इंजिनियर. मंडळाच्या इतिहासातलं हे सर्वांत लांबचं स्थळ. पुढच्या खोलीतल्या नकाशावर शरदचंद्रांनी हॉलंडवर कुंकवाचं बोट टेकवलं होतं. देश मुळात एवढासा, बोट जरा मोठं, त्यामुळे बेल्जियमही पागनीसांच्या सोयरिकीत आलं होतं.

दर रविवारी आर्या सरलाबाईंना फोन करी. शरदचंद्र शेजारी पेपर धरून बसत, आणि लक्ष नसल्याचं सोंग करून शब्दन्‌शब्द ऐकत. अशाच एका रविवारी आर्या काकूला सांगत होती की तिनं हिंदी सिनेमाची पटकथा लिहून पूर्ण केली आहे, आणि आता तिला मुंबईत एजंट हवा आहे. एजंट म्हणजे लेखकाचा माणूस. तो पटकथा निर्मात्यांकडे नेतो, बोलणी करतो, आपलं लिखाण दुसरं कोणी ढापत नाही ना ते बघतो. त्याच्याशिवाय तिकडे दार उघडत नाही. पण मुंबईचे एजंट आर्याच्या मेलला उत्तरच देत नव्हते. एकानं दिलं, ते असं की निर्माते लेखकाला समोर बसवून सगळी गोष्ट ऐकतात, ते सोमवारी बोलावतात आणि मंगळवारी यावं लागतं, तुम्ही हॉलंडहून कशा येणार? इथे असतात तर पाहिलं असतं.

"काकू, मला फक्त एक माणूस पाहिजे गं, जो माझ्या बाजूनं बोलेल," आर्या म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता.

शरदचंद्रांनी पेपर खाली ठेवला.

"म्हणजे मुलगी परदेशात आणि स्थळ देशातलं पाहिजे. इतकंच ना? अगं, ही तर आपली रोजची केस आहे!"

"काका, हे लग्न नाहीये."

"सगळं सेम असतं बेटा. तू बिल्कुल टेन्शन नको घेऊ. तू तिकडचं पाहा, बाकी मी सेट करून राहिलो."

आर्यानं तीनदा नको म्हटलं. पण फोनवर पेढा भरवता येत नसला तरी शरदचंद्रांना बोलत राहता येत होतंच. शेवटी ती थकून म्हणाली, "करा काय करायचं ते." शरदचंद्रांच्या हिशेबी ही पसंती होती.

"आधी ती गोष्ट वाचा तरी," सरलाबाई म्हणाल्या. त्यांना आर्यानं पटकथा फोनवर पाठवली होती आणि त्यांनी दुपारी चष्मा लावून, दार लोटून ती सबंध वाचली होती. वाचून झाल्यावर दोन दिवस त्या नवऱ्याशी मोजकंच बोलल्या. शरदचंद्रांना वाटलं पित्त झालं असेल. त्यांनी बायकोला आवळ्याचं सरबत करून दिलं.

"मीच वाचत बसलो तर स्थळं कोण पाहणार?" ते म्हणाले, आणि कामाला लागले.

मुंबईतल्या यच्चयावत एजंटांना जो मेल गेला, तो त्यांनी हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत स्वतः तयार केला. वर श्री गजानन प्रसन्न. खाली मजकूर: 'सौ. आर्या. उंची पाच फूट तीन इंच. वर्ण निमगोरा. गोत्र कौशिक. शिक्षण एम. कॉम. सध्या मुक्काम हॉलंड, परंतु योग्य स्थळ मिळाल्यास वर्षातून दोनदा येण्यास सासरची हरकत नाही.' सासरच्यांना विचारलं नव्हतं, पण सासरच्यांना विचारायची शरदचंद्रांना कधी गरजच पडली नव्हती. पुढे: 'पटकथेविषयी: पटकथा सुस्वभावी, वळणदार व सर्वांना सांभाळून घेणारी आहे. मारामारी नाही. व्यसन नाही. अपेक्षा: एजंट निर्व्यसनी, मुंबईत स्वतःची जागा. पहिलं मोडलेलं नको. इच्छा असल्यास पत्रिका पाठवू.' सोबत फोटो. पवनचक्कीपुढे पैठणी नेसून उभी असलेली आर्या, वाऱ्यानं पदर बेल्जियमच्या दिशेला.

पहिलं उत्तर मिनिटभरात आलं. 'आपलं लेखन आमच्यासाठी मोलाचं आहे.' ते कंप्यूटरनं आपोआप धाडलेलं होतं, पण शरदचंद्रांनी ते गल्लीतल्या चार जणांना दाखवलं. "पाहा भिया, मुंबईचे लोक किती तत्पर असतात. आपल्याकडे हो म्हणायला आठ दिवस लावतात." दुसरं आलं की आम्ही सध्या नवीन लेखक घेत नाही. "मुलगा अजून सेटल नसेल," शरदचंद्रांनी निदान केलं. तिसऱ्यानं विचारलं की इंटरनेटवर तुमच्या लेखिकेच्या मागे किती लाख लोक आहेत? शरदचंद्रांना हे अजिबात आवडलं नाही. त्यांनी बाणेदार उत्तर दिलं की लग्नाआधी तिच्या मागे कोणीही नव्हतं, आता सुशांत आहे, आणि आमच्याकडून नकार समजावा.

मुंबईच्या त्या मंडळींना हसावं तेवढं थोडंच. पण खरं सांगायचं तर तिथलंही सगळं आपल्याचसारखं. ओळख लागते, तोंड पाहावं लागतं, 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत. फक्त ते कांदेपोहे देत नाहीत.

चौथं उत्तर स्पृहा नावाच्या बाईंचं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'रोज ढीगभर मेल येतात, पण पटकथा निर्व्यसनी असल्याची हमी पहिल्यांदाच मिळाली. पाठवा.' आर्यानं काकांच्या मेलबद्दल लाजून माफी मागत पटकथा पाठवली. आठवड्यानं स्पृहानं कळवलं की वाचली, एका बैठकीत वाचली, आणि बोलायचं आहे.

झालं! आता शरदचंद्रांची चौकशी सुरू झाली. त्यांनी लग्न लावून दिलेलं एक तरी जोडपं प्रत्येक शहरात होतंच. अंधेरीतल्या अशाच एका जावयाला त्यांनी स्पृहाच्या ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर सकाळभर बसवलं. अहवाल आला: ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, माणसं तीन, बाई वागायला बऱ्या, गेल्या वर्षी मात्र दोन लेखक सोडून गेले. शरदचंद्रांनी ताबडतोब स्पृहाला फोन लावला.

"मॅडम, राग नका मानू, पण पहिले दोन का सोडून गेले?"

पलीकडे हसू. "एकाला टीव्हीवर मालिका मिळाली. दुसऱ्याला सरकारी नोकरी."

दुसरं कारण शरदचंद्रांना इतकं पटलं की त्यांनी तिथेच मनातल्या मनात कुंडली जुळवून टाकली. शिवाय योगही पाहा कसा. इंदूरजवळ महूला कुठल्याशा सिनेमाचं शूटिंग चाललं होतं, त्यासाठी स्पृहा येतच होती. "शनिवारी सकाळी घरी येते," ती म्हणाली. "आर्याला व्हिडिओवर घेऊ. समोरासमोर बोललं की कळतं."

"बघायचा कार्यक्रम!" शरदचंद्रांनी जाहीर केलं. पुढच्या खोलीतले अभ्रे बदलले. सोफ्यावर गालिचा आला. सरलाबाईंना पोह्यांत डाळिंबाचे दाणे घालायला सांगण्यात आलं. त्यांनी ऐकलं आणि घातले.

स्पृहा आली. पस्तिशीची, केस वर बांधलेले, महूच्या धुळीनं माखलेले बूट. बूट तिनं न सांगता दाराशी काढले. वळण आहे, असं शरदचंद्रांनी टिपून ठेवलं. ती मूळची सांगलीची निघाली. मग सांगलीत कुठल्या भागात, वडील काय करत, आजोळ कोणाकडे, असं सगळं झालं. तिनं पोहे खात खात शांतपणे सगळी उत्तरं दिली. फोन शेवेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, आणि त्यात आर्या होती. तिकडे नुकतं उजाडलेलं, केस ओले, चेहरा परीक्षेच्या वर्गाबाहेर उभ्या असलेल्या मुलीसारखा.

"काका," ती म्हणाली, "आता तुम्ही जरा आत जाता का? प्लीज."

"मी आत गेलो तर बोलणी कोण करेल?"

"काका, खरंच. जा ना."

"लाजते," शरदचंद्रांनी स्पृहाला समजावलं आणि खुर्ची पुढे ओढली.

स्पृहानं पोह्यांची ताटली खाली ठेवली. "आर्या, मी सरळ बोलते. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या हाती आलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. जुई तर काय मुलगी आहे! इंदूरची साधी मुलगी, लिहायचं वेड, पुण्याला सिनेमा शिकायच्या कोर्ससाठी मुलाखतीचं बोलावणं येतं. आणि तिचे ते काका. नाना."

"हो," आर्या हळूच म्हणाली.

"नाना म्हणजे कमाल. काका, तुम्ही वाचलंय का?" तिनं शरदचंद्रांना विचारलं. "तो एक सीन आहे. मुलाखतीच्याच दिवशी नाना पोरीला दाखवायचा कार्यक्रम ठेवतो. पोरगी रडते. तर हा हसत हसत म्हणतो, मुलाखत दरवर्षी असते, असं स्थळ दरवर्षी येत नाही."

"बरोबरच बोलला तो!" शरदचंद्र मांडीवर थाप मारून म्हणाले.

"आणि मग तो स्वतः गंगवाल बस स्टँडसमोरच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे जातो, तिचं पुण्याचं तिकीट रद्द करतो, आणि येताना तिच्यासाठी मोरपिशी साडी घेऊन येतो. काय लिहिलंय! तो रागावत नाही, मारत नाही. लाडच करतो. लाड करूनच पोरीचं सगळं संपवतो."

शरदचंद्रांची थाप मारलेली मांडी तशीच राहिली आणि हातही तसाच राहिला. साडी मोरपिशी होती. ती त्यांनीच निवडली होती, आणि दुकानदाराशी घासाघीस करताना ते फार खुशीत होते. त्यांनी फोनकडे पाहिलं. आर्या खाली बघत होती. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. सरलाबाई दाराला टेकून उभ्या होत्या आणि त्या मात्र खाली बघत नव्हत्या.

स्पृहाला यातलं काही माहीत नव्हतं. ती आपल्या भरात बोलत होती.

"पण प्रॉब्लेमही नानाचाच आहे. मी बाहेर दोन लोकांशी बोलून पाहिलं. दोघांचं म्हणणं एकच. असा माणूस नसतो. खलनायक आहे तर हुंड्याचे पैसे खाऊ दे, काहीतरी दुष्टावा करू दे. आणि चांगला आहे तर शेवटी त्याला पश्चात्ताप होऊ दे. विमानतळावर जुई परदेशी जायला निघते, तिथे नाना रडतो, माफी मागतो, पब्लिकही रडतं. तेवढा एक सीन बदलला तर मी आज, आत्ता तुझी एजंट. पुढच्या महिन्यात तुला कुणासमोर बसवायचं तेही ठरवलंय मी. तिकीट त्यांचं."

आर्यानं मान वर केली. तिला हे किती हवं होतं ते त्या एवढ्याशा पडद्यावरही दिसत होतं. तिनं ओठ घट्ट मिटले.

"नाही," ती म्हणाली. "तसं नाही झालं. नाही, म्हणजे, तसं नाना करणार नाही."

"आर्या, पहिलीच फिल्म आहे. तू तिकडे राहतेस, तुझ्या बाजूनं इथे बोलायला कोणी नाही. एका सीनसाठी सोडणार आहेस का?"

"खोटं लिहायचं असतं तर कधीच लिहिलं असतं ना."

"मग मला अवघड आहे." स्पृहानं रुमालाला हात पुसले. ती नाराज होती, पण तिचाही नाइलाज होता. "बघते. कळवते मी."

हा शब्द शरदचंद्रांनी आयुष्यभर ऐकला होता. कळवते म्हणजे मोडलं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत! आणि अशा वेळी काय करायचं तेही त्यांना पाठ होतं. मुलीला कडेला घ्यायचं, पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, बेटा, थोडं अ‍ॅडजस्ट कर. आजवर किती मुलींनी केलं होतं. त्यांचे संसार झाले होते, मुलंबाळं झाली होती, त्या दिवाळीला फोन करत. शरदचंद्र पुढे वाकले आणि म्हणालेसुद्धा, "आर्या, बेटा, थोडं..."

आर्यानं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. आता हे काय म्हणणार ते तिला माहीत होतं आणि ती ऐकायच्या तयारीत होती, लहानपणापासून ऐकत आली होती तशीच. शरदचंद्रांना एकाएकी स्वतःची भयंकर लाज वाटली. इतकी की त्यांना पुढचे शब्दच सापडेनात, आणि ही गोष्ट त्यांच्या बाबतीत प्रथमच घडत होती.

स्पृहा बुटांकडे निघाली होती.

"मॅडम, बसा," शरदचंद्र म्हणाले. "असे लोक असतात."

"काका, मी समजू शकते, पण..."

"असतात. मी पाहिलाय. पैसा नव्हता खाल्ला त्यानं. दुष्टही नाही. लोक त्याला फार चांगला म्हणतात. तो स्वतः पण तेच समजून राहिला होता." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, चढलेला नव्हता, फक्त थांबत थांबत येत होता. "त्याला विमानतळावर रडवू नका. तो नव्हता रडला. पोरगी रडत होती, आत जाताना सारखी मागे वळून पाहत होती, आणि हा हात हलवून राहिला होता. त्याच्या मनात काय होतं सांगू? चला, एक जबाबदारी पार पडली. मग येताना त्यानं गाडी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीकडे वळवली आणि उभ्यानं गरम जिलबी खाल्ली. चांगली लागली त्याला. बरं का, फारच चांगली लागली."

स्पृहानं एकदा शरदचंद्रांकडे पाहिलं, एकदा फोनकडे, आणि मग नकाशावरच्या कुंकवाकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. ती सावकाश परत येऊन सोफ्यावर बसली.

"हे पटकथेत नाहीये," ती अगदी हळू म्हणाली.

"तिला कसं माहीत असेल?" शरदचंद्र म्हणाले. "ती तर विमानात होती."

स्पृहा फोनकडे वळली. "आर्या, हे लिही. विमानतळानंतर हाच सीन. एक शब्द न बोलता जिलबी खाणारा माणूस. हे ऐकल्यावर असा माणूस नसतो म्हणायची कोणाची छाती आहे ते मी बघते. तू हे लिहून दे, बाकी मी बोलते तुझ्या बाजूनं."

आर्यानं डोळे पुसले. मग तिनं पेन घेतलं. ती लेखिका होती आणि त्या क्षणी तिला पुतणी व्हायला वेळ नव्हता.

"काका," तिनं विचारलं, "किती जिलबी?"

"अर्धा किलो घेतली होती. निम्मी तिथेच खाल्ली. निम्मी हिच्यासाठी बांधून आणली." शरदचंद्रांनी दाराकडे पाहायचा प्रयत्न केला, पण मान वळेना. "हिनं नाही खाल्ली."

"दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत टाकली, ओल्या कचऱ्यात," दारातून सरलाबाई म्हणाल्या. "तेही लिही गं."